कळसूबाई, मीटरला एक रुपया

कळसूबाईची उंची १६४६ मीटर. मीटरला एक रुपया, म्हणजे माणशी १६४६ रुपये, असा हिशेब मी नातेवाइकांपुढे आणि जुन्या ऑफिसातल्यांपुढे मांडला. पैसे कशासाठी, तर परळला कॅन्सरच्या उपचारांसाठी गावाकडून येणाऱ्या पेशंटच्या राहण्या-जेवणासाठी. माझा केमो संपला की मी टॅक्सी करून घरी जायचे. शेजारच्या खुर्चीतली बाई समोरच्या फुटपाथवर जायची. भावजी म्हणाले, "वहिनी, मध्येच बसलात तर तेवढ्याच मीटरचे देईन."

शुक्रवारी कसारा लोकल, पुढे जीपने घोटीवरून पायथ्याचं बारी गाव. सोबत लेक. गावातल्या एका घरी पिठलं-भाकरी खाऊन झोपलो आणि पहाटे साडेपाचला निघालो. डिसेंबर होता. पावसाळ्यात शिड्या निसरड्या असतात, आपल्यासारख्यांनी तेव्हा जाऊच नये.

डॉक्टरांनी होकार देताना दोन अटी घातल्या होत्या. डाव्या खांद्यावर वजन नाही, आणि त्या हाताला खरचटू द्यायचं नाही. काखेतल्या गाठी काढल्यामुळे तो हात सुजतो. जिच्या नावाने हा डोंगर आहे त्या कळसूनेही पाटलाकडे कामाला राहताना अट घातली होती म्हणतात, भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. अट मोडली तशी ती डोंगरावर निघून गेली. माझी मोडली असती तर मला मुकाट्याने खाली यावं लागलं असतं.

दमाची धास्ती होती, पण दम पुरला. अडचण आली ती हाताची आणि पायाच्या बोटांची. पहिल्याच लोखंडी शिडीवर सवयीने दोन्ही हातांनी कठडा ओढत वर गेले. वर पोचेपर्यंत सुजेसाठी घातलेल्या घट्ट स्लीव्हच्या आत हात ठणकायला लागला. तिथे सरबताचं सामान घेऊन चढणारी एक बाई थांबली होती. म्हणाली, "ताई, हातानं कशाला वढताय? पाय ठेवा, गुडघा सरळ करा, हात नुसता टेकवा." तिच्या डोक्यावर पाण्याचा कॅन होता आणि एक हात त्यालाच लागलेला. पुढच्या सगळ्या शिड्या मी उजवा हात टेकवून चढले.

बोटांचं वेगळंच. केमोनंतर माझी बोटं बधिर आहेत. दुसऱ्या थांब्यावर लेकीने जबरदस्तीने बूट काढायला लावला, तर मोज्यावर रुपयाएवढा लाल डाग आणि आत खडा. मला कळलंच नव्हतं. म्हणून बूट अर्धा नंबर मोठा घ्या, नखं दोन दिवस आधी कापा, आणि दर थांब्याला बूट काढून झटका, दुखत नसलं तरी. हातमोजे घ्याच, कठडे पहाटे गार असतात आणि गंजाच्या कडा लागतात. पाणी आणि डबा सोबतच्याला द्या, लाजू नका. उतरताना शिडीकडे तोंड करून उतरा. आणि शनिवार टाळा. परतताना शिडीवर रांग होती, मागचे "काकू, लवकर" करत होते.

साडेनऊला देवळापाशी पोचलो. अलंग, मदन, कुलंग हे किल्ले समोर, खाली भंडारदऱ्याचं पाणी. घंटा उजव्या हाताने वाजवली.

पैशांचं मात्र माझ्यासारखं करू नका. मी सुरुवातीला सगळे स्वतःच्या खात्यात घेतले आणि मग पावत्या कुणाच्या नावाने यात महिना गेला. देणाऱ्यांना थेट संस्थेच्या खात्यात भरायला सांगा, सोबत पॅन नंबर. २००० रुपयांवर रोख दिलेल्याला देणगीवरची ८०-जीची आयकर सवलत मिळत नाही, आणि नवी करप्रणाली घेतलेल्यांना ती मुळातच नाही, हे आधी सांगितलं की नंतर रुसवे होत नाहीत.

२७ जण झाले, ४४,४४२ रुपये. भावजींनी शेवटपर्यंत वाद घातला, की बारी गावच मुळात उंचावर आहे, तेवढे मीटर वजा करा. मग गुपचूप पूर्ण भरले, आणि पावतीवर आईंचं नाव घालायला सांगितलं.