गच्चीवरची ४२ पावलं

आमच्या बिल्डिंगची गच्ची लांबीला ४२ पावलं आणि रुंदीला १८ पावलं आहे. हे मला २०२० च्या एप्रिलमध्ये कळलं. त्याआधी तेरा वर्षं त्याच बिल्डिंगमध्ये राहत होते, पण गच्चीवर जायचे ते फक्त पापड वाळत घालायला आणि टाकीत पाणी आलंय का बघायला.

आम्ही पुण्यात, सहकारनगरला राहतो. माझे सासरे, बाबा, तेव्हा ७१ वर्षांचे होते आणि रिटायर झाल्यापासून रोज पहाटे तळजाईच्या टेकडीवर फिरायला जायचे. पाऊस असो, थंडी असो, साडेपाचला दाराची कडी वाजायची. वर त्यांचा सात-आठ जणांचा ग्रुप होता, चालणं पाऊण तास आणि गप्पा एक तास. कोणी तिथले मोर मोजायचं, कोणी राजकारण काढायचं. २१ मार्चला ते शेवटचे गेले, २२ ला जनता कर्फ्यू, आणि २५ ला, म्हणजे बरोब्बर गुढीपाडव्याच्या दिवशी, लॉकडाऊन सुरू. पहिले आठ दिवस त्यांनी निभावले, टीव्हीवर रामायण परत लागलं होतं ते बघितलं, पेपर येत नव्हता म्हणून जुनेच पेपर परत वाचले. मग हळूहळू त्यांचं बोलणं कमी झालं. साडेपाचला उठून आवरून, बूट घालून ते बाल्कनीतल्या खुर्चीत बसायचे. बूट घालून. आईंनी एकदा मला हाताने खूण करून ते दाखवलं आणि आत निघून गेल्या, काही बोलल्या नाहीत.

माझं वेगळंच चाललं होतं. दिवसभर लॅपटॉप, मीटिंगवर मीटिंग, मुलाची ऑनलाइन शाळा, भांडी, आणि रात्री अंग दमलेलं असूनही झोप नाही. दोन-अडीचला जाग यायची तेव्हा छाती इतकी धडधडत असायची की वाटायचं हाच कोविड, मग मोबाईल उघडायचा, लक्षणं वाचायची, महाराष्ट्राचा आकडा किती, पुण्याचा किती, आपल्या वॉर्डात किती, आणि ते वाचून अजून धडधड. नवऱ्याला उठवून सांगायचीही भीती वाटायची, कारण एकदा बोललं की ते खरं होईल असं काहीतरी डोक्यात बसलं होतं.

एप्रिलच्या मध्यावर एकदा बाबा टाकी बघायला म्हणून वर गेले ते अर्धा तास आलेच नाहीत. मी घाबरून वर गेले तर ते चालत होते. सदऱ्याच्या उजव्या खिशात चिंचोके, एक फेरी झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. मला बघून म्हणाले, "अगं, अकरा झाल्या. चल, बारावी तुझ्याबरोबर." त्या दिवशी मी चप्पल घालूनच चार फेऱ्या मारल्या असतील.

मध्येच सोसायटीने गच्चीला कुलूप लावलं, गर्दी होते म्हणून. मी त्यावर खूप भांडले, आजही मला वाटतं बरोबर भांडले. शेवटी मजल्यांप्रमाणे वेळा ठरल्या आणि आम्हाला सकाळी सहा ते पावणेसात मिळाली. ती पाऊण तासाची वेळ मिळाली आणि माझ्या दिवसाला एक कड आली असं म्हणेन, नाहीतर सोमवार कुठला आणि शनिवार कुठला तेच कळत नव्हतं.

व्यायामाने मूड सुधारतो हे सगळेच सांगतात, पण माझ्या बाबतीत नक्की काय झालं ते सांगते. आम्ही तळमजल्यापर्यंत उतरून परत चार मजले चढायला लागलो, बाबा एकदा आणि मी तीनदा. तिसऱ्यांदा वर पोचले की छाती अगदी तशीच धडधडायची, रात्री अडीचला धडधडायची तशीच, घाम, कोरडा घसा, सगळं तेच. फरक इतकाच की इथे मला माहीत होतं का धडधडतंय, आणि दोन-तीन मिनिटात ते आपोआप खाली यायचं. हे रोज सकाळी होत गेलं. मग एका रात्री जाग आली, धडधड होतीच, आणि मी मोबाईलला हात न लावता पडून राहिले की बघू, उतरेल. उतरली. ते फक्त मनाला समजावून झालं नसतं, आधी शरीराला ते पाठ व्हावं लागलं. शिवाय सकाळचं ऊन अंगावर पडायला लागलं तशी रात्री झोपही वेळेवर यायला लागली, शरीराचं घड्याळ सकाळच्या उजेडावर लागतं हे शाळेत वाचलेलं असतं पण घरात कोंडून घेतल्यावरच त्याचा अर्थ कळतो.

आणि बाबा बोलायला लागले. समोरासमोर बसून जे कधी बोलले नसते ते शेजारी चालताना बोलायचे, दोघांची नजर पुढे असते म्हणून असेल. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायच्या कामावर त्यांची आई जायची हे मला लग्नानंतर तेरा वर्षांनी गच्चीवर कळलं.

८ मे ला मात्र मी चालू शकले नाही. औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले ती बातमी आली. ते जालन्याहून घरी जायला चालत निघाले होते. इथे मी मन शांत व्हावं म्हणून फेऱ्या मारतेय आणि तिकडे माणसं रात्रभर चालून दमून रुळावर आडवी झालीत, हे दोन्ही एकच "चालणं" आहे हे डोक्यात बसेना. बाबा दुसऱ्या दिवशी एकटेच वर गेले. तिसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा आम्ही बोललोच नाही, नुसते चाललो.

तेव्हा इंग्लंडमध्ये दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची परवानगी होती, फ्रान्समध्ये घरापासून एक किलोमीटरच्या आत एक तास. आपल्याकडे नव्हती, मॉर्निंग वॉकला निघालेल्यांना पोलिसांनी रस्त्यावरच उठाबशा काढायला लावलेले व्हिडिओ ग्रुपवर फिरत होते आणि लोक हसत होते. मला ते बघवायचं नाही. दाट वस्तीत नियम कडक लागणार हे मला मान्य आहे, पण ज्यांना गच्ची नाही, एका खोलीत सहा माणसं आहेत, त्यांच्या मनाचं काय होत असेल हा प्रश्न त्या आकड्यांच्या गर्दीत कोणी विचारतच नव्हतं. अजून एक सांगायचंय, माझ्या एका मैत्रिणीला मी उत्साहाने "रोज चाल, बरं वाटेल" म्हणत राहिले आणि तिला खरं तर डॉक्टर आणि गोळ्यांची गरज होती. ती स्वतःहून गेली म्हणून वाचली. तिला अंथरुणातून उठणंच जमत नव्हतं आणि मी तिला फेऱ्या मोजायला सांगत होते, त्याचं मला अजून वाईट वाटतं.

३ जूनला सरकारने सकाळी पाच ते संध्याकाळी सात बाहेर चालायला, पळायला, सायकल चालवायला परवानगी दिली आणि नेमकं त्याच दिवशी निसर्ग वादळ आलं. पुण्यातसुद्धा झाडं पडली, दिवसभर वारा आणि पाऊस. त्यातून बाबांना तशीही परवानगी नव्हतीच, ६५ च्या वरच्यांनी घरीच थांबावं असं होतं. माझी मोकळीक झाली आणि त्यांची नाही, म्हणून मी गच्चीच चालू ठेवली.

बाबा दरवर्षी माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड चालायचे, दिवे घाट चढून. त्या वर्षी पायी वारी नाही, पादुका एसटीने पंढरपूरला जाणार असं ठरलं. ते कळलं त्या संध्याकाळी त्यांनी वहीत हिशोब मांडला. पुणे ते सासवड ३० किलोमीटरच्या आसपास, गच्चीची एक फेरी साधारण ७० मीटर, म्हणजे सव्वाचारशेच्या जवळपास फेऱ्या. आषाढी १ जुलैला होती. आधीचे १२ दिवस धरून त्यांनी रोज ३५ चिंचोके घेतले. घाट म्हणून रोज एकदा जिने चढायचे. शेवटच्या दिवशी आईही वर आल्या, त्यांचे गुडघे दुखतात तरी, आणि टाकीला टेकून शेवटच्या फेऱ्यांना त्यांनी टाळ वाजवला. समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर कपडे वाळत घालणाऱ्या काकूंनी तिथूनच हात जोडले. मी रडले त्या दिवशी, पण ते रडणं रात्री अडीचच्या रडण्यासारखं नव्हतं.

पुढे २०२१ च्या एप्रिलमध्ये, दुसऱ्या लाटेत, मी पॉझिटिव्ह आले. बाबांचा लसीचा पहिला डोस मार्चमध्ये झाला होता म्हणून जरा धीर होता, पण बेड मिळत नाहीत, ऑक्सिजन नाही, हेच सगळीकडे ऐकू येत होतं. मी आतल्या खोलीत बंद. डॉक्टरांनी फोनवर ६ मिनिटं चालायची टेस्ट सांगितली, आधी बोटाला ऑक्सिमीटर लावून बघायचं, मग खोलीतच सहा मिनिटं सरळ चालायचं आणि परत बघायचं, ९३ च्या खाली गेलं किंवा आधीपेक्षा तीनपेक्षा जास्त उतरलं तर लगेच कळवायचं. वर्षभर जे चालणं मन ठिकाणावर ठेवायला केलं तेच आता फुप्फुसं किती शिल्लक आहेत ते मोजायला.

खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ पावलं. पहिल्या दिवशी मी सुरुवात केली आणि बाहेर पॅसेजमध्ये चपलांचा आवाज आला. दार बंद होतं. मी थांबले की आवाज थांबायचा, मी वळले की तोही वळायचा. सहा मिनिटं झाल्यावर बाहेरून बाबांनी विचारलं, "किती?"

"९५. आधी ९७ होतं."

"दोनच उतरलं मग. बस आता, पाणी पी," असं म्हणाले, आणि एक चिंचोका दाराखालच्या फटीतून आत सरकवला.