तुम्ही विचारलंत म्हणून : मदर ओबेर यांच्या बाटल्यांत काय होते?

न्यूझीलंडमध्ये, वेलिंग्टनला येणारे मराठी पाहुणे आयलंड बे भागातील 'होम ऑफ कम्पॅशन', म्हणजे मदर सुझान ओबेर या फ्रेंच ननबाईंच्या संघाचे घर, पाहून आले आणि मी औषधनिर्माणशास्त्र शिकलेली आहे हे त्यांच्या कानावर असले, की एक प्रश्न हमखास येतो : "त्या ननबाईंनी इथल्या झाडपाल्याची औषधे करून विकली म्हणतात. त्या बाटल्यांत होते तरी काय, आणि त्यांनी माणसे खरोखर बरी होत होती का?" या प्रश्नाचे उत्तर चहाच्या कपाबरोबर संपत नाही, म्हणून ते एकदा लिहूनच काढते.

सुझान ओबेर यांचा जन्म 1835 मध्ये फ्रान्समधील ल्यों शहराच्या परिसरात झाला. 1860 च्या अखेरीस त्या मिशनकार्यासाठी ऑकलंडला उतरल्या आणि माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांच्या, मुलींच्या शाळेत काम करू लागल्या. तेथे त्यांना न्गापुही जमातीतील पेआता ही माओरी सहकारी भगिनी मिळाली, जिच्याकडून त्या माओरी भाषा आणि रीतभात शिकल्या. 1871 पासून हॉक्स बे प्रांतातील मीआनीच्या मिशनमध्ये असताना त्या औषधांची पिशवी घेऊन माओरी वस्त्यांत आणि गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरी सारख्याच पायपीट करीत. माओरी लोक त्यांना 'मेरी होहेपा' म्हणत. 1883 मध्ये त्या व्हांगानुई नदीकाठच्या हिरुहारामा या गावी गेल्या, आणि ज्या औषधांविषयी तुम्ही विचारता ती तिथली.

आजाऱ्यांना त्या औषध पूर्वीपासूनच देत असत. बाटलीवर नाव छापून ते दुकानात पाठवणे ही मात्र पैशाची गरज होती. 1892 मध्ये त्यांनी भगिनींचा स्वतंत्र संघ स्थापन केला, आणि टाकून दिलेली मुले सांभाळायची तर दूध, कपडे, छप्पर यांसाठी रोकड हवी होती. म्हणून 1890 च्या दशकाच्या आरंभी मारूपा, नातानाता, पारामो, कराना, वानेना अशा माओरी वळणाच्या नावांची त्यांची औषधे केम्पथॉर्न प्रॉसर या घाऊक औषधविक्रेत्यांमार्फत देशभर जाऊ लागली. मारूपा खोकला आणि छातीच्या विकारांसाठी होते. बाकीची पोट, यकृत, जखमा अशा तक्रारींसाठी. त्यांच्या कृती ओबेरबाईंनी कधीच छापल्या नाहीत. त्या काळी बहुतेक औषध-उत्पादक छापत नसत, त्यामुळे यात गूढ शोधण्याचे कारण नाही.

कृती छापलेल्या नसल्या तरी नदीकाठचे लोक कोणत्या वनस्पती कशासाठी वापरत, हे चांगले ठाऊक आहे, आणि माझे उत्तर त्यावरच उभे आहे. कोरोमिको नावाच्या झुडपाचे कोवळे शेंडे हगवणीवर चघळत असत. दुसऱ्या महायुद्धात परदेशी लढणाऱ्या न्यूझीलंडच्या सैनिकांना त्याची वाळलेली पाने घरून पाठवली गेली, म्हणजे त्यावरचा विश्वास बाटल्यांच्या काळानंतरही टिकला होता. हाराकेके हे जाड, तलवारीसारख्या पानांचे झाड. त्याच्या पानांच्या बुडाशी सापडणारा चिकट डिंक भाजल्यावर व जखमेवर लावत आणि मुळाचा काढा रेचक म्हणून देत. कावाकावापाशी मात्र कोणताही मराठी माणूस थांबतोच, कारण ते पान विड्याच्या पानासारखे हृदयाकृती असते आणि ती वनस्पती खरोखरच मिरी व नागवेलीच्या कुळातली आहे. चघळल्यावर ते तिखट लागते आणि जिभेला किंचित बधिरपणा येतो; दातदुखीवर ते का वापरत, हे त्या बधिरपणातच कळते. किड्यांनी भोके पाडलेली पाने अधिक गुणकारी, असे जाणकार सांगतात आणि तशीच निवडून तोडतात.

(मानुका मधाचे विचारणाऱ्यांसाठी एवढेच : मानुका या झुडपाची पाने व साल माओरी वापरत आले, पण मध साठवणाऱ्या मधमाश्या या देशात 1839 मध्ये बाहेरून आणल्या गेल्या. त्यामुळे विमानतळावर महागात मिळणाऱ्या मधाच्या बाटलीला 'प्राचीन माओरी औषध' म्हणू नये.)

आता माणसे बरी होत होती का? जुलाब, साधा खोकला, खरचटणे, भाजणे यांवर गुण येत असणार, असे मी माझ्या शिक्षणाच्या आधारावर म्हणेन. क्षयावर मात्र त्या बाटल्यांचा उपयोग होणे शक्य नव्हते. पहिले परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, 1943 मध्ये सापडले. विषमज्वरावरही त्या बाटल्यांचा उपयोग होणे शक्य नव्हते. पण रुग्णाच्या उशाशी रात्रभर बसणारी, त्याच्या भाषेत बोलणारी, पाणी आणि पेज वेळेवर देणारी परिचारिका ही त्या काळी पुष्कळदा औषधापेक्षा मोठी मदत होती, आणि ती मदत बाटलीतून दुकानात जाऊ शकत नव्हती. हिरुहारामात मिळणारा गुण आणि दूरच्या डनेडिन शहरातल्या दुकानातून घेतलेल्या बाटलीचा गुण एकच असेल, असे मला वाटत नाही.

या प्रश्नात एक दुसरा प्रश्न दडलेला असतो, तो कुणी विचारत नाही : हे औषध कुणाचे? ओबेरबाईंचे शुश्रूषेचे ज्ञान युरोपातले होते, परंतु कोणत्या पानाचे काय करायचे हे माओरी परंपरेचे, म्हणजे 'रोंगोआ'चे देणे होते. त्यांनी ते लपवले नाही. औषधांची नावेच त्याची कबुली देतात. तरी बाटली विकली गेली ती एका गोऱ्या मदरच्या नावाने. पुढे 1907 मध्ये पारंपरिक वैदूंवर, म्हणजे तोहुंगांवर, निर्बंध घालणारा कायदा झाला. त्याचा मुख्य रोख अलौकिक शक्तीचा दावा करून लोकांना भुलवणाऱ्यांवर होता आणि काही माओरी नेत्यांनीच त्याला पाठिंबा दिला होता, हे खरे. पण झाडपाल्याचे साधे उपचार करणाऱ्यांनाही त्याची भीती बसली. हा कायदा 1962 मध्ये रद्द झाला. याचा दोष मी ओबेरबाईंना देत नाही, मात्र त्यांच्या गौरवाच्या भाषणांत पेआताचे नाव क्वचितच येते, हे मला खटकते. 2016 मध्ये पोपनी ओबेरबाईंना 'पूजनीय' (संतपदाच्या वाटेवरची एक पायरी) घोषित केले तेव्हाही मला हेच वाटले होते.

ही औषधे आज कुठे मिळतील, असेही काही जण विचारतात. मिळत नाहीत, आणि लहान मुलाच्या खोकल्यासाठी ती शोधूही नयेत; डॉक्टरांकडे जावे. कावाकावाचे मलम मात्र इथे सर्रास मिळते. ते घ्यायचे असेल तर स्मरणवस्तूंच्या दुकानाऐवजी, ते स्वतः बनवणाऱ्या माओरी कुटुंबाकडून बाजारात घ्या.