संपलेल्या गोष्टीची मालिका

जुन्या, पाठ झालेल्या ॲनिमेशनपटावर नवी मालिका येणार म्हटलं की आनंद होतोच. तो ओसरायच्या आत एक हिशेब करून घ्यावा. १९९२ चा ‘अलादीन’ साधारण ९० मिनिटांचा. त्यावरून १९९४ मध्ये निघालेली मालिका ८६ भागांची. एक भाग २२ मिनिटांचा धरला तर १,८९२ मिनिटं, म्हणजे साडेएकतीस तास. मूळ चित्रपटाच्या एकवीस पट. आता चित्रपटाच्या शेवटी परिस्थिती काय होती ते आठवा. राजकन्या मिळालेली, जीन मोकळा झालेला, खलनायक दिव्यात कोंडलेला. एवढं सगळं आटोपल्यावर पुढचे साडेएकतीस तास या मंडळींनी करायचं काय?

वाट बघण्यातली गंमत या प्रश्नात आहे. आवडती माणसं पुन्हा भेटणार याचं अप्रूप दोन भागांत संपतं. त्यांना भेटायला चित्रपट कधीही लावता येतो. मालिका तगते ती चित्रपटाने न वापरलेल्या जागेवर. म्हणून घोषणा झाली की मूळ चित्रपट पुन्हा बघावा, पण नायकावरची नजर काढून कडेकडेने. एका वाक्यापुरता आलेला पहारेकरी, नकाशात दिसलेलं पण कथेत कुणी न गेलेलं बेट, मागे धूळ खात पडलेलं यंत्र, कुणीतरी सहज उच्चारलेला आकडा.

आकड्यावरून आठवलं. २००२ च्या ‘लिलो अँड स्टिच’मधला तो निळा उपद्व्यापी स्टिच म्हणजे ‘प्रयोग क्रमांक ६२६’. मग आधीचे ६२५ कुठे गेले? चित्रपटाला त्याच्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. पुढच्याच वर्षी सुरू झालेल्या मालिकेने नेमका तोच धागा उचलला. दर भागात एक नवा प्राणी, त्याची एक विशिष्ट खोड, त्याला नाव देणं आणि त्या खोडीचा उपयोग होईल अशी जागा शोधून देणं. साचा इतका पक्का की लेखकांना रोज सकाळी कोऱ्या कागदाची भीती वाटायचं कारणच उरलं नसेल. त्यावर ६५ भाग निघाले.

हा ६५ चा आकडा वारंवार भेटतो. ‘हर्क्युलस’च्या मालिकेचेही ६५, डाल्मेशियन कुत्र्यांच्या मालिकेचेही ६५. कारण कथेत शोधू नये, कॅलेंडरात शोधावं. अमेरिकी दूरचित्रवाणीवर आठवड्याचे पाच दिवस रोज एक भाग दाखवायचा, तेरा आठवडे चालवायचा आणि मग पहिल्यापासून पुन्हा. पाच तेरे पासष्ट. आता मालिका थेट स्ट्रीमिंगवर येतात तेव्हा एका पर्वात आठ-दहा भाग असतात. घोषणेत भागांची संख्या दिली असेल तर तीच आधी वाचावी, कलाकारांची नावं नंतर. आठ भाग म्हणजे बहुधा एक लांब गोष्ट तुकडे करून सांगणार. पन्नास-साठ म्हणजे प्रत्येक भाग आपल्यापुरता पुरा, आणि भाग संपताना सगळं मूळ पदावर. दुसरा प्रकार कमी प्रतीचा मानण्याची हल्ली फॅशन आहे. ती काही खरी नाही. २२ मिनिटांत गाठ बांधून सोडवणं हे तीन तास ताणण्यापेक्षा अवघड काम आहे.

जागा शोधण्याचा दुसरा मार्ग काळाचा, आणि इथे खरी गुंतागुंत सुरू होते. ‘द लिटल मर्मेड’ (१९८९) संपतो तेव्हा एरियल पाय मिळवून, लग्न करून जमिनीवर गेलेली असते. समुद्र नसलेली जलपरी घेऊन मालिका कशी करणार? म्हणून १९९२ ची मालिका मागे गेली, राजपुत्र भेटण्याच्या आधीच्या दिवसांत. सोय झाली, पण किंमत मोजावी लागली. नायिकेला काही होणार नाही हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटापासून ठाऊक. अशा पूर्वकथेत धोका नायिकेवर आणून उपयोग नसतो. तो एखाद्या नव्या पात्रावर, नव्या जागेवर आणावा लागतो. पूर्वकथेची जाहिरात बघताना एवढंच विचारावं: यात हरवण्यासारखं कुणी नवीन आहे का?

मागे जाण्यातली चूक कशी होते हे बघायचं तर ‘हर्क्युलस’ बघावा. १९९७ च्या चित्रपटात पाताळाचा देव आणि खलनायक हेडीसला वाटत असतं की तान्हा हर्क्युलस केव्हाच मेला. हर्क्युलस जिवंत आहे हे त्याला कळतं तो मोठा झाल्यावर, आणि अख्खा संघर्ष त्या धक्क्यावर उभा आहे. १९९८ च्या मालिकेत मात्र शाळकरी वयाच्या हर्क्युलसविरुद्ध हाच हेडीस भागामागून भाग कट रचत असतो. कारण उघड आहे, इतका बोलका खलनायक बाहेर ठेवणं कुणाला परवडणार? पण मग चित्रपटातलं त्याचं ते चकित होणं पुन्हा बघताना हसू येतं. मालिका चांगली की वाईट हा प्रश्न वेगळा. पूर्वकथा आपल्याच चित्रपटाची एक वीट काढून घेऊ शकते, एवढं लक्षात ठेवावं.

सगळ्यांत हुशार जागा मला ‘टँगल्ड’च्या मालिकेची वाटते. चित्रपट २०१० चा. शेवटी रपुंझलचे सत्तर फुटी सोनेरी केस कापले जातात आणि आखूड, तपकिरी होतात. २०१२ च्या लघुपटात तिचं लग्न होतं, तेव्हाही केस आखूडच. २०१७ साली आलेली मालिका या दोहोंच्या मध्ये बसवली आहे, आणि तिच्या आरंभीच काळ्या खडकांच्या स्पर्शाने तिचे लांब केस परत येतात. म्हणजे हे केस शेवटी जाणार हे पक्कं. कसे जाणार, का जाणार आणि जाताना काय काय नेणार हे मात्र ठाऊक नाही. दोन्ही टोकं बांधलेली असताना मधली दोरी ताणून धरायची. तीन पर्वं ती ताणली गेली.

पुढे जाणाऱ्या मालिकेची अडचण वेगळी, ती म्हणजे सर्वशक्तिमान मित्र. जीन कायम हाताशी असेल तर कोणतंही संकट पाच मिनिटं टिकणार नाही. ‘अलादीन’च्या मालिकेत उपाय असा काढला की जीन परततो खरा, पण आता दिव्याचा गुलाम नसल्यामुळे त्याची ताकद पूर्वीइतकी अफाट नाही. शिवाय खलनायकाचा पोपट इयागो फुटून या बाजूला आला. हे दुसरं पाऊल जास्त कामाचं ठरलं, कारण घरातच एक लोभी, भित्रा, कुरकुरणारा सभासद असला की भांडणासाठी बाहेर जावं लागत नाही.

आणि कुणी सरळ फाटाच फोडतं. मामोरू ओशी यांचा जपानी चित्रपट ‘घोस्ट इन द शेल’ १९९५ चा. केंजी कामियामा यांची मालिका २००२ ची, २६ भागांची. मालिकेने चित्रपटातली मुख्य घटना घडलीच नाही असं धरलं. पात्रं तीच, शहर तसंच, इतिहास वेगळा. काही भाग स्वतंत्र, काही एका मोठ्या प्रकरणाचे. मूळ चित्रपटाला धक्का न लावता मोकळेपणा मिळवण्याची ही रीत मला प्रामाणिक वाटते.

आता चित्रांकडे. इथे निराशा ठरलेली असते, आणि तीही हिशेबातून येते. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. प्रत्येक चित्र दोन फ्रेमपुरतं धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, तीन फ्रेमपुरतं धरलं तर ८. २२ मिनिटांच्या भागात ३१,६८० फ्रेम. दोन-दोनच्या हिशेबाने एका पात्राची १५,८४० चित्रं, तेही ते पात्र सतत हलत असेल तर. चित्रपटाला यासाठी काही वर्षं मिळतात. मालिकेत एका भागाचं काम चालू असताना पुढचे डझनभर भाग रांगेत उभे असतात. म्हणून पात्राचं मॉडेल शीट, म्हणजे सगळ्या चित्रकारांनी पाळायचा नमुना, नव्याने काढलं जातं आणि त्यात आधी बळी जातात गुंड्या. मग कपड्यांच्या चुण्या, पट्ट्याचं बक्कल, कपाळावरची सुटी बट. एक गुंडी म्हणजे सेकंदाला बारा वेळा काढायची गुंडी.

१९६१ च्या ‘१०१ डाल्मेशन्स’ने हा प्रश्न यंत्रावर सोपवला होता. झेरॉक्सच्या तंत्राने पेन्सिलीचं चित्र थेट सेलवर, म्हणजे रंगवायच्या पारदर्शक पानावर, उतरवता येऊ लागलं, शाईने हाताने गिरवायचं काम गेलं, आणि पिल्लांचा एक घोळका काढून त्याच्या प्रती करता आल्या. त्या चित्रपटाची किंचित खरबरीत रेष त्यातूनच आली. तरीही १९९७ ची मालिका आली तेव्हा ९९ पिल्लांतून तीन निवडली, लकी, रोली आणि कॅडपिग, आणि सोबत स्पॉट नावाची एक कोंबडी. कोंबडीला ठिपके नाहीत ही बाब हिशेबनिसाच्या नजरेतून सुटली नसावी.

रंगाचीही एक गोष्ट. जुन्या सेल पूर्ण पारदर्शक नसत. एकावर एक ठेवल्या की खालच्या थरातला रंग जरा मळकट दिसे. म्हणून तेच पात्र खालच्या थरावर जाणार असेल तर त्याच्यासाठी थोडा उजळ रंग घोटावा लागे. आता संगणकावर हा दोष उरला नाही, रंग सगळीकडे एकसारखा स्वच्छ लागतो. नव्या मालिकेची झलक बघून ‘काहीतरी वेगळं वाटतंय, पण काय ते सांगता येत नाही’ असं होतं, त्यामागे बऱ्याचदा ही स्वच्छता असते. जुन्या चित्रपटाची पार्श्वभूमी जलरंगात असेल, जशी ‘लिलो अँड स्टिच’ची होती, तर हा फरक आणखी जाणवतो.

झलक बघायचीही पद्धत आहे. पहिल्यांदा आवाज बंद करून. पात्र डोक्यापासून पायापर्यंत दिसेल असा चालण्याचा प्रसंग शोधावा आणि पावलांकडे बघावं. पाऊल टेकल्यावर ते जमिनीवर सरकत असेल तर चालण्याचा ठरीव आवर्त (पुन्हापुन्हा वापरलेली तीच पावलं) आणि पार्श्वभूमीचा वेग जुळवलेला नाही. सगळे प्रसंग कमरेच्या वरचेच असतील तर पाय मुद्दाम लपवले आहेत. मग मान वळताना बघावं. सुट्या भागांच्या रिगवर, म्हणजे संगणकावर जोडलेल्या सांगाड्यावर, केलेल्या पात्राची मान समोरून बाजूला वळताना मधल्या अवस्थेत एक बारीकशी उडी मारते. चांगल्या हाताने केलं असेल तर ती उडी पापणीच्या उघडझापीत लपवलेली सापडेल. मागची गर्दी गोठलेली आहे का? बोलताना फक्त तोंड हलतं की भुवया, खांदे, हातही बोलतात? यातलं एखादं दुसरं आढळलं म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. कमी चित्रांतही उत्तम काम होतं, जर प्रत्येक थांबलेली मुद्रा नुसत्या बाह्याकृतीवरून ओळखता येत असेल. कमी चित्रं आणि ढिल्या मुद्रा एकत्र आल्या की मात्र आशा आवरती घ्यावी.

दुसऱ्यांदा डोळे मिटून, फक्त आवाज. ‘अलादीन’मधला जीन रॉबिन विल्यम्स यांच्या आवाजावर, त्यांनी ऐनवेळी सुचेल तसं बोललेल्यावर बेतून काढला होता. मालिकेत तो आवाज डॅन कॅस्टेलानेटा यांनी दिला. ते कसलेले कलाकार, तरी कान काही काळ अडखळतात, कारण आधी आवाज होता आणि त्यातून आकार आला होता. इथे आकार आधी आहे आणि आवाज त्यात बसवायचा आहे. उलट ‘घोस्ट इन द शेल’मध्ये चित्रपट आणि मालिका दोन्हीकडे नायिका मोतोकोचा आवाज अत्सुको तानाका यांचाच, त्यामुळे इतिहास बदलूनही ओळख तुटत नाही. भाषांतरित आवाजात मालिका येणार असेल तर प, ब, म या अक्षरांवर कान आणि डोळा ठेवावा. ही ओठ मिटल्याशिवाय निघत नाहीत. पडद्यावरचे ओठ मिटतात तिथे संवादलेखकाने यांपैकी एखादं अक्षर आणून बसवलं असेल तर काम मन लावून केलंय असं समजावं. ‘हो’ म्हणताना ओठ मिटलेले दिसले तर समजायचं ते समजावं.

घोषणा आणि पहिला भाग यांत किती काळ जाईल याचा भरवसा धरू नये. जपानी ‘अकिरा’चा चित्रपट १९८८ चा. मूळ चित्रकथा तेव्हा पुरी व्हायचीच होती, ती संपली १९९० मध्ये. त्यामुळे दोन हजारांहून अधिक पानांतला मोठा भाग चित्रपटाबाहेर राहिला. मालिकेला याहून चांगला कच्चा माल कुठे मिळणार? नव्या मालिकेची घोषणा जुलै २०१९ मध्ये झाली. पण घोषणेला एक चित्र आणि एक नाव पुरतं. स्टोरीबोर्ड (प्रसंगांची कच्ची चित्रं) झाले, ॲनिमॅटिक (ती चित्रं वेळेत बसवून केलेली कच्ची फिल्म) तयार झालं, आवाज ध्वनिमुद्रित झाले, अशा बातम्या येऊ लागल्या की मग दिवस मोजायला हरकत नाही.

शेवटी मालिका सुरू होते तेव्हा पहिल्या भागावरून मत बनवू नये. तो बहुतेकदा दुप्पट लांबीचा असतो, जास्त पैशांचा असतो. ‘अलादीन’, ‘लिलो अँड स्टिच’, ‘टँगल्ड’ या तिन्हींची सुरुवात वेगळ्या छोट्या चित्रपटासारखीच झाली. चौथा-पाचवा भाग गाठावा, शक्यतो ज्याच्या नावात नायक नाही असा. त्यात गाणं नसेल, मोठी लढाई नसेल, पाहुणा कलाकार नसेल. एखादा पहारेकरी रजेवर गेला आणि किल्ल्या हरवल्या, इतकंच कथानक असेल. तो भाग शेवटपर्यंत बघवला तर पुढचे सगळे बघायला हरकत नाही.