घाटाचा काटा

उसाच्या मुलखात वजनाचं कुणाला काही शिकवावं लागत नाही. सातारा-सांगलीकडं हंगाम लागला की साखर कारखान्याच्या काट्यावरून जेवढे वाद होतात, तेवढे बांधावरूनही होत नसतील. उसानं भरलेल्या टायरगाडीकडं नुसतं बघून "अडीच टन असंल" म्हणणारी माणसं गावोगाव भेटतात, आणि त्यांचा अंदाज फारसा चुकत नाही. हीच माणसं आलिशान एसयूव्हीसमोर मात्र फसतात. दार बोटानं ढकललं की उरलेलं ते स्वतःच ओढून घेतं, गाडी आवाज न करता निघते, झोकात वळते. असेल दीड टन, फार तर पावणेदोन. प्रत्यक्षात तीही अडीच टनच भरते. जुनी मारुती ८०० साडेसहाशे किलोची होती. म्हणजे चार मारुत्या एका चावीवर चालतात म्हणायचं.

काटा मारल्याची, म्हणजे वजन कमी दाखवल्याची तक्रार उसाच्या बाबतीत ऐकू येते. इथं तेच काम कंपनी रीतसर पैसे घेऊन करून देते, आणि घेणारा खूश असतो. या गाड्यांमधलं बहुतेक इंजिनिअरिंग म्हणजे वजन लपवण्याची कारागिरी आहे.

पहिली रेंज रोव्हर १९७० साली आली तेव्हा ती पावणेदोन टनांच्या आसपास होती. साधे कॉइल स्प्रिंग, चारही चाकांना डिस्क ब्रेक, कायमची फोर व्हील ड्राइव्ह, आणि आतून पाण्याचा पाइप मारून धुता येईल अशी बैठक. मग मोटरवर सरकणाऱ्या सीट आल्या, छतभर काच आली, आवाज अडवणाऱ्या दुहेरी काचा आल्या, पत्र्याच्या आत थर आले. २०१२ साली त्याच गाडीचा सांगाडा पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचा केला आणि ४२० किलोपर्यंत वजन उतरवल्याचं कंपनीनं सांगितलं. तरी आकडा दोन टनांच्या खाली काही गेला नाही, आणि पुढच्या पिढीत तो पुन्हा चढला. लग्नात जेवणाऱ्यासारखं आहे हे. एका बाजूनं पोळी नको म्हणायचं आणि दुसऱ्या बाजूनं जिलेबी वाढून घ्यायची.

हे वजन खरं मोजायचं तर वाईहून पाचगणीला जाणारा पसरणी घाट धरावा. रस्ता साधारण १२ किलोमीटर, चढ पावणेसहाशे मीटरच्या आसपास. आता एक गंमत. अडीच टनांची गाडी ताशी ४० च्या वेगानं हा घाट चढवायला सरासरी किती अश्वशक्ती लागते? उंचीचा, टायरच्या घर्षणाचा आणि हवेचा हिशेब एकत्र केला तर पंचवीस. शेतात नांगर ओढणाऱ्या नेहमीच्या ट्रॅक्टरच्या निम्मी. गाडीच्या माहितीपत्रकात साडेतीनशे लिहिलेली असते. उरलेली सव्वातीनशे कशासाठी, तर पुढं रांगणाऱ्या एसटीला वळणांमधल्या दोनशे मीटरच्या सरळ तुकड्यात ओलांडण्यासाठी. म्हणून घाटात अश्वशक्तीपेक्षा टॉर्क, म्हणजे इंजिनाच्या पिळाचा जोर बघावा. तीन लिटरचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आतच ६०० ते ७०० न्यूटन मीटर देतं, त्यामुळं गिअर फारसे न बदलता ओढ मिळते. पाचगणीच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा बाराएक टक्क्यांनी विरळ असते. बिनटर्बोचं इंजिन तेवढ्या प्रमाणात दमतं. टर्बो जास्त जोरानं हवा ओढून ती तूट भरून काढतो. चढणीबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं नाही. चढतात सगळ्याच गाड्या.

वळणं अवघड असतात. बैलगाडी भरताना ओझं मागं गेलं की ती उलार होते आणि जू वर उचललं जातं, हे ज्याला माहीत आहे त्याला एसयूव्हीची अडचण लगेच कळेल. इथं ओझं उंच बसलेलं असतं. वळणावर ते बाहेर झुकतं, बाहेरची दोन चाकं दबतात, आतली हलकी होतात. पूर्वी यावर उपाय म्हणून जाड अँटिरोल बार, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणारी दांडी टाकत. पण बार जाड झाला की एका चाकाखाली आलेला खड्डा दुसऱ्या बाजूलाही हलवतो. आता त्या बारच्या मधोमध ४८ व्होल्टची मोटर बसवतात. सरळ रस्त्यावर ती बार सैल सोडते, वळणावर पिळते. काही गाड्यांत हा पीळ १४०० न्यूटन मीटरपर्यंत जातो. मागच्या सीटवर बसलेल्यांना एवढंच कळतं की आज गाडी लागली नाही. सेकंदाला एकापेक्षाही कमी, म्हणजे पाचएक सेकंदांना एक असा संथ झुलावा पोट सगळ्यात जास्त ढवळतो आणि उंच, मऊ गाडी घाटात नेमकी तशीच झुलते. एवढं असूनही खिशात आलेपाकाची वडी असू द्यावी. तिला सॉफ्टवेअर लागत नाही.

या वजनाखालची खरी नाजूक वस्तू म्हणजे एअर सस्पेन्शन. पाटे नाहीत, स्प्रिंग नाहीत. प्रत्येक चाकावर रबराचा फुगा, एक कंप्रेसर, एक साठवण टाकी आणि उंची मोजणारे सेन्सर. माणसांना चढता-उतरता यावं म्हणून गाडी ५० मिलिमीटर खाली बसते, खराब रस्त्याला ७५ मिलिमीटर वर उठते. बघणारे कौतुक करतात. रबर मात्र घडीवर दुमडत राहतं. तिथं बारीक माती साठते, पाचसहा वर्षांत भेगा पडतात आणि हवा झिरपायला लागते. पहिली खूण म्हणजे रात्री सरळ उभी केलेली गाडी सकाळी एका कोपऱ्यावर बसलेली दिसते. स्टार्ट केली की उठते, म्हणून मालक दुर्लक्ष करतो. इथंच खर्च वाढतो. गळती भरून काढायला कंप्रेसर जास्त वेळ चालतो, तापतो. त्याच्यासोबतच्या ड्रायरमधले ओल शोषणारे दाणे भरून जातात. ओली हवा व्हॉल्व्हमध्ये जाऊन गंज धरते. कधी रिले चिकटतो आणि कंप्रेसर बंदच होत नाही. फुग्याचं दुखणं असं हळूहळू कंप्रेसरला लागतं. म्हणून नुसता कंप्रेसर बदलून देणाऱ्या मिस्तरीला आधी फुगे तपासायला सांगावं. तपासणी सोपी आहे. गाडी सगळ्यात वरच्या उंचीवर करून रबराच्या घडीवर आणि पाइपच्या जोडांवर साबणाचं पाणी फवारायचं. बुडबुडे आले की चोर सापडला.

आणि एक, हे जिवाशी गाठ असलेलं. चाक बदलताना आधी मेनूमधला जॅक मोड चालू करावा. नाहीतर जॅकवर चढवलेली गाडी वाकडी झाली असं समजून सस्पेन्शन ती सरळ करायला बघतं आणि कोपरा खाली येतो. नुसत्या जॅकवर किंवा नुसत्या हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली डोकं घालू नये.

उसाच्या मुलखातला आणखी एक मोह सांगायला हवा. बऱ्याच नव्या डिझेल गाड्यांत धुरातले नायट्रोजन ऑक्साइड मारायला एडब्लू नावाचं द्रावण लागतं. त्यात ३२.५ टक्के युरिया, बाकी शुद्ध केलेलं पाणी. घरात ४५ किलोची युरियाची गोणी पडलेली असताना डब्याला एवढे पैसे कशाला, असं मनात येणं साहजिक आहे. येऊ द्यावं, पण तिथंच थांबावं. खताच्या युरियाला निंबोळी तेलाचा लेप असतो, त्यात बाययुरेट नावाची अशुद्धी असते, आणि कृष्णाकाठच्या क्षारपड पट्ट्यातल्या बोअरचं पाणी कसं असतं ते किटलीच्या तळाला विचारावं. हे मिश्रण एडब्लू फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडावर पांढरे खडे धरतं आणि धूर शुद्ध करणारा कॅटॅलिस्ट निकामी करतं. रेडिएटरचंही तेच. कूलंट कंपनीनं सांगितलेलाच घालावा, आणि तो मिसळायचा असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्येच.

साताऱ्यात पोवई नाका ते राजवाडा एवढ्याच फेऱ्या मारणाऱ्या डिझेल गाडीची, धुरातली काजळी अडवणारी चाळणी भरते. ती काजळी जळायला सुमारे ६०० अंश तापमान लागतं आणि ते गर्दीत मिळत नाही. आठवड्यातून एकदा कराडच्या दिशेनं हायवेनं एकसारख्या वेगात वीस-पंचवीस मिनिटं न थांबता जावं, चाळणी स्वतःला साफ करते. मध्येच बंद करत राहिलं तर न जळालेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. ऑइलची पातळी घटायच्या ऐवजी वाढलेली दिसली तर खूश होऊ नये.

आता उतार. फोर व्हील ड्राइव्हचा इथं काडीचा उपयोग नाही; थांबताना मारुतीचीही चारच चाकं ब्रेक लावतात आणि हिचीही. पसरणीच्या माथ्यावर उभ्या असलेल्या अडीच टनांमध्ये जवळपास चार युनिट विजेएवढी ऊर्जा साठलेली असते. टायर आणि हवा त्यातला तिसरा हिस्सा खातात. उरलेल्या उष्णतेत तीसेक लिटर पाणी उकळीला येईल, म्हणजे आंघोळीचा एक मोठा बंब. हा बंब इंजिनमध्ये तापवायचा की चार डिस्कवर, एवढंच चालवणाऱ्याच्या हातात असतं.

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम आठ गिअरच्या ऑटोमॅटिकलाही लागू पडतो. उतार लागायच्या आधीच मॅन्युअल मोडमध्ये तिसरा, तीव्र वळणांना दुसरा घ्यावा. तरी वेग वाढला तर ठाम ब्रेक मारून वेग पाडावा आणि पाय पूर्ण उचलावा. हलका पाय टेकवून ठेवला की पॅड आणि डिस्कला श्वासच मिळत नाही. हिल डिसेंट कंट्रोलवर विसंबू नये. ते खडकाळ, तीव्र, छोट्या उतारासाठी आहे. बटण दाबलं की ते आपल्या वतीनं ब्रेकच दाबत असतं, आणि बारा किलोमीटर दाबत राहिलं तर बंब तिथंच पेटतो.

ब्रेक बिघडताना दोन गोष्टी होतात आणि त्यांची लक्षणं वेगळी आहेत. लायनर जळाल्याचा वास येतो, पॅडल घट्ट लागतं पण गाडी थांबत नाही, तेव्हा पॅड तापलेले असतात. पॅडल मऊ पडून खोल जातं तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं. डॉट ४ प्रतीचं नवं ऑइल २३० अंशांच्या खाली उकळत नाही, पण ते हवेतली ओल पीत राहतं आणि ओल मुरली की ही मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. महाबळेश्वरच्या पावसाळ्यात त्याला पिण्यासाठी काय कमी? दर दोन वर्षांनी ते बदलावं, गाडी कितीही कमी फिरलेली असो. पॅडल मऊ लागलं तर झपझप दोनतीनदा दाबून पंप करावं, गिअर उतरवावा, रुंद जागा बघून डोंगराच्या बाजूला थांबावं आणि अर्धा तास तरी निघू नये.

वाईत पोचल्यावर लगेच थांबून ब्रेकवर पाय रोवून बसू नये. तापलेला पॅड एकाच जागी डिस्कवर छाप सोडतो आणि पुढं महिनाभर ब्रेक मारला की स्टिअरिंग थरथरतं. गावाबाहेरचे दोन किलोमीटर संथ चालवून मग पार्किंगमध्ये घालावी, इंजिन मिनिटभर नुसतं चालू ठेवून टर्बोला निवू द्यावं. बंद केल्यावरही पंखा घरघरत राहतो, ते बिघाडाचं लक्षण नाही. आणि चिखलानं माखलेली गाडी थेट वॉशिंग सेंटरला नेऊ नये. तापलेल्या डिस्कवर गार पाण्याचा फवारा बसला की ती वाकते, आणि मोठ्या गाडीच्या डिस्कची किंमत ऐकून माणूसही वाकतो. आधी चहा घ्यावा. एक नाही, दोन.