तुम्ही विचारलंत म्हणून: कंपायलर स्वतःला तीनदा का बनवतो?

जीसीसी हा कंपायलर (सोर्स कोडचं मशीन कोडात रूपांतर करणारा प्रोग्राम) सोर्सपासून बिल्ड करायला बसलेले लोक मला हटकून एकच प्रश्न विचारतात. "मेक (बिल्ड चालवणारी कमांड) सुरू केलंय, पण त्याच त्या फाइली पुन्हा पुन्हा कंपाइल होतायत. काही अडकलंय का? '--डिसेबल-बूटस्ट्रॅप' देऊन मोकळं व्हावं का?"

अडकलेलं काही नसतं. जीसीसी २०१३ च्या ४.८ आवृत्तीपासून सी++ मध्ये लिहिलेला आहे, म्हणजे तो बनवायला आधी एखादा सी++ कंपायलर हाताशी लागतोच. तुमच्या मशीनवरचा तो जुना कंपायलर जे बनवतो ती पहिली स्टेज. तिच्यात ऑप्टिमायझेशन नसतं, त्यामुळे ती संथ चालते. ही पहिली स्टेज तोच सोर्स पुन्हा कंपाइल करते, ती दुसरी. दुसरी तिसरीला बनवते. या तीन फेऱ्यांनाच बूटस्ट्रॅप म्हणतात.

आता खरी गंमत. पहिली आणि दुसरी स्टेज वेगवेगळ्या कंपायलरांनी घडवलेल्या, म्हणून त्यांच्या बायनरी वेगळ्या असणारच. पण सोर्स एकच, तेव्हा दोघींचं वागणं एकसारखं हवं. एकच फाइल दोघींना दिली तर बाहेर पडणारा मशीन कोडही तंतोतंत तोच हवा. म्हणून शेवटी दुसऱ्या आणि तिसऱ्या स्टेजच्या ऑब्जेक्ट फाइली, डीबगची माहिती वगळून, ताडून पाहिल्या जातात. जुळल्या नाहीत की बिल्ड तिथेच थांबतो. मग दोष जुन्या कंपायलरचा असेल, नव्याचा असेल, कधीकधी चक्क खराब रॅमचाही असतो. असली तपासणी फुकट मिळत असताना ती गाळायची हौस मला कळत नाही.

अर्थात या तपासणीलाही मर्यादा आहे. युनिक्सच्या जनकांपैकी एक केन थॉम्प्सन यांनी १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या व्याख्यानात दाखवलं होतं की कंपायलरच्या बायनरीत दडवलेली चोरवाट पुढच्या प्रत्येक बायनरीत आपोआप उतरू शकते आणि सोर्समध्ये तिचा मागमूसही राहत नाही. अशी चोरवाट तिन्ही स्टेजमध्ये सारखीच उतरेल, म्हणजे तुलना बिनबोभाट पार पडेल. ती शंका असेल तर सुरुवात एकदा जीसीसीने आणि एकदा क्लँग या वेगळ्या कंपायलरने करून, बाकी सगळं तेच ठेवून, शेवटचे निकाल जुळवून पाहावे लागतात. (हे रोज कोणी करत नाही. मीही नाही.)

मग बूटस्ट्रॅप कधी बंद करावं? जीसीसीच्याच कोडमध्ये बदल करून तो पुन्हा पुन्हा बिल्ड करत असाल तर खुशाल करा. क्रॉस-कंपायलर (वेगळ्या प्रकारच्या मशीनसाठी कोड बनवणारा कंपायलर) बनवत असाल तर प्रश्नच मिटला, तिथे बूटस्ट्रॅप होतच नाही. रोजच्या कामासाठी बनवत असाल तर मात्र राहू द्या आणि रात्री लावून झोपा.

बाकी तयारी थोडकी आहे. जीएमपी, एमपीएफआर आणि एमपीसी या अचूक आकडेमोडीच्या लायब्रऱ्या लागतात. सोर्सच्या 'कॉन्ट्रिब' फोल्डरमधली 'डाउनलोड_प्रीरिक्विझिट्स' ही स्क्रिप्ट त्या आणून देते. बिल्ड सोर्सच्या फोल्डरात न करता वेगळ्या फोल्डरात करा. ३२-बिट प्रोग्राम बनवायचे नसतील तर '--डिसेबल-मल्टिलिब' द्या, नाहीतर ३२-बिट हेडर नाहीत म्हणून बिल्ड अर्ध्यात कोसळतो. आणि '--प्रीफिक्स' (इन्स्टॉलची जागा) नेहमी स्वतःच्या वेगळ्या फोल्डरचा. सिस्टिमच्या कंपायलरवर नवा कंपायलर चढवू नका.

इन्स्टॉल झाल्यावर एक अडचण बहुतेकांना गाठते. प्रोग्राम कंपाइल होतो, पण चालवला की 'जीएलआयबीसीएक्सएक्स'ची (म्हणजे सी++ लायब्ररीची) अमुक आवृत्ती सापडली नाही म्हणून कुरकुरतो. कंपायलर नवा असला तरी चालताना प्रोग्राम सिस्टिमची जुनी सी++ लायब्ररीच उचलत असतो. 'एलडी_लायब्ररी_पाथ' (लायब्ररी कुठे शोधायची ते सांगणारं सेटिंग) बदलून काम भागतं, पण त्याचा परिणाम त्या टर्मिनलमधून चालवलेल्या इतर प्रोग्रामांवरही होतो. मी लिंक करतानाच 'आरपाथ' देतो, म्हणजे लायब्ररीचा पत्ता त्या प्रोग्राममध्येच नोंदला जातो. दुसऱ्याच्या मशीनवर पाठवायचा प्रोग्राम असेल तर '-स्टॅटिक-लिबएसटीडीसी++', म्हणजे ती लायब्ररी प्रोग्राममध्येच सामावते.

बिल्डआधी चालवलेल्या 'कन्फिगर' स्क्रिप्टला दिलेले पर्याय वेगळे लिहून ठेवले नसतील तरी हरकत नाही, 'जीसीसी -व्ही' ते सगळे छापून दाखवतो. बिल्डचं फोल्डर नंतर उडवलंत तरी चालतं.