देवगडच्या मांगरात सफरचंद

भाईने माझ्या तळहातावर सफरचंदाच्या सहा वाळवलेल्या चकत्या ठेवल्या आणि म्हणाला, “खा गो बाय. आमच्या घराकडली आसत.”

बाहेर हापूसची दीडशे कलमं फळांनी वाकली होती. मांगराच्या, म्हणजे बागेतल्या खोपटाच्या, कुडाला टेकून आंबे उतरवायच्या घळी उभ्या होत्या, कोपऱ्यात आंबे पिकायला पेंढ्यावर अढी लावलेली होती आणि त्या सगळ्या आंब्याच्या वासात मी सफरचंद चघळत बसले होते. चकत्या तपकिरी, कडेला मुडपलेल्या, दमट हवेने थोड्या चिवट झालेल्या. पहिल्यांदा नुसती आंबट लागली. मग बराच वेळ तोंडात गोडी राहिली.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आई आणि मी देवगडला मावशीकडे गेलो होतो. कणकवलीपर्यंत रेल्वे, पुढे काकांची गाडी. हायवेच्या कडेला एका दुकानात आईने हौसेने भाव विचारला. पेटीवर ठसठशीत ‘देवगड हापूस’ छापलेलं, आणि आत खाली पसरलेल्या रद्दीवर कन्नड अक्षरं. काका गाडीतून उतरलेसुद्धा नाहीत. “वास घेऊन बघ,” एवढंच म्हणाले. वास नव्हताच. हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या फळाला. तरी फसवणूक चालू आहे, तीही देवगडपासून दीड तासावर, भर रस्त्यात. कर्नाटकातल्या शेतकऱ्याचा आंबा त्याच्या स्वतःच्या नावाने विकला तर मी आनंदाने घेईन. त्याचं नाव पुसायचं आणि आमचं चोरायचं, याचा मला मनापासून राग येतो.

नांदगाव तिठ्याला वळलो, शिरगाव, तळेबाजार मागे पडलं आणि सडा, म्हणजे कातळाचं पठार, लागला. ज्यांनी सडा पाहिलेला नाही त्यांना हापूस कुठे पिकतो याची कल्पना येणार नाही. मैलभर नुसता काळपट जांभा. त्यावर पाऊल भाजतं. मावशीच्या सासऱ्यांनी त्या कातळात सुरुंग लावून खड्डे पाडले आणि खालच्या मळ्यातून डोक्यावरून माती आणून ते भरले. एकेका कलमामागे किती टोपल्या, ते मोजायला आता कोणी उरलेलं नाही. मावशी अजूनही बागेत शिरताना पहिल्या कलमाला हात लावते. मीही लावला.

पहिले दोन दिवस कुणकेश्वर, विजयदुर्ग आणि नातेवाइकांकडची सोलकढी यात गेले. तिसऱ्या दिवशी पहाटे काका म्हणाले, “काढणी बघूची आसात तर चल. पण अकराच्या आत परत येऊचा.” उन्हात काढलेलं आणि उन्हात पडून राहिलेलं फळ साक्याला बळी पडतं. वरून देखणं दिसतं, कापलं की बाठ्याजवळ पांढरट, स्पंजासारखा गर. म्हणून काढणी सकाळी करायची, आणि काढलेला आंबा लगेच सावलीला न्यायचा.

बागेत भाई होता. कोकणातल्या बागांमधून राखणीला नेपाळी माणसं असतात हे मला ठाऊक होतं. दिवाळीनंतर येतात, मिरगाच्या, म्हणजे पावसाच्या, आधी जातात. घरात याला सगळे भाई म्हणतात, म्हणून मीही तसंच लिहिते. चाळिशीचा असेल. हा त्याचा चौदावा हंगाम. मी हिंदीत बोलायला सुरुवात केली, तर तो मालवणीत उत्तर द्यायला लागला. काका हसले. “तेका हिंदीत नको विचारू. माझ्यापेक्षा हयली कलमा तोच बरी वळखता.”

घळ फांदीत सरकवायची, फळ जाळीत घ्यायचं आणि पात्याने देठ कापायचा. बोटाच्या दोन पेरांएवढा देठ फळाला राहिलाच पाहिजे. माझ्या हातून दोन आंबे देठापाशी तुटले आणि चीक सालीवरून ओघळला. भाईने ते पटकन उचलून देठाकडची बाजू खाली करून ठेवले, पण त्यावर काळा डाग पडणार हे ठरलेलं. “देठ तुटलो काय आंबो गेलो,” तो म्हणाला. मग थोडं थांबून, “आमच्या सफरचंदाचाय तसाच. देठ उपटलो काय थयसून कुजाक लागता.”

तुमच्याकडे सफरचंद होतं का, हे मी अगदी सहज विचारलं होतं. त्यानंतर काढणी संपून, पेज पिऊन, काका दोनदा हाक मारून गेले तरी मी मांगरातून उठले नाही.

तो जुम्ल्याचा. पश्चिम नेपाळात, कर्णालीच्या डोंगरात, अडीच हजार मीटरच्या आसपास. तिकडे सफरचंदाला ‘स्याउ’ म्हणतात. घरची तीसेक झाडं आहेत, वडील आणि बायको बघतात. त्याच्या लहानपणी तिथे गाडीरस्ता पोचला नव्हता. भाद्रपद-आश्विनात फळ तयार व्हायचं आणि ते न्यायला वाट नसायची. खेचरावर किंवा पाठीवर जाईल तेवढं जायचं. बाकीचं गुरांना घालायचं, उरलेलं झाडाखाली कुजायचं. सुर्खेतहून रस्ता झाला तेव्हापासून सफरचंद बाहेर जातं, पण पावसात दरड कोसळली की ट्रक जागच्या जागी अडकतो. त्याच्या आईने म्हणूनच चकत्या करून छपरावर वाळवायची सवय लावून घेतली होती. आता बायको वाळवते. दसरा-दिवाळी आटोपून निघताना त्याच्या पिशवीत एक डबा असतो, आणि तो डबा एप्रिलपर्यंत पुरवायचा असतो. माझ्या हातावरच्या सहा चकत्या त्या डब्याच्या तळाच्या होत्या, हे मला त्या खाऊन झाल्यावर कळलं.

मी त्याला थंडीबद्दल विचारलं, कारण काका आल्यापासून थंडीचंच बोलत होते. हापूसला मोहोर यायला पौष-माघातला गारवा लागतो. तो यंदा लांबला. एकदा मोहोर आला, फळं गोटीएवढी झाली आणि मग पुन्हा थंडी पडून त्याच फांद्यांवर पुनर्मोहोर फुटला. झाडाने नव्या मोहोराकडे जोर लावला आणि आधीची फळं गळाली. भाई म्हणाला, सफरचंदालाही थंडी लागतेच, पण तिकडची थंडी निराळी. झाड सगळी पानं गाळून बर्फात झोपतं, ती झोप पुरी झाली नाही तर चैत्रात फूल नीट येत नाही. आणि आता तिकडेही बर्फ पूर्वीसारखं वेळेवर पडत नाही. हे सांगताना तो दारातून समोरच्या कलमाकडे बघत होता. मी अनेक कृषीविषयक लेख वाचले आहेत, पण हवामान बिघडलंय म्हणजे काय हे दोन्ही टोकांनी अंगावर घेतलेला माणूस पहिल्यांदा भेटला.

तांदळाचंही निघालं. आमच्याकडच्या उकड्या लाल तांदळाची पेज त्याला पहिल्या हंगामातच आवडली, कारण जुम्ल्यालाही लाल तांदूळ पिकतो, मार्सी नावाचा. “पेज बघल्यार घराची याद येता,” म्हणाला.

याच सुमाराला बागेच्या खालच्या अंगाला दगड पडल्याचा आवाज आला. रस्त्यावर एक मोठी गाडी उभी, चार-पाच जण गडग्यावर चढून कैऱ्यांना दगड मारत होते, एकजण मोबाईलवर चित्रण करत होता. भाई धावत गेला, हात जोडून थांबा म्हणाला. त्यातला एक मराठीत म्हणाला, “तू कोण रे सांगणारा? बाहेरचा!” मी मागोमाग पोचले आणि मला जे सुचलं ते सगळं बोलले. ती माणसं गेली. त्यांच्या पायाशी अकरा फळं पडली होती, आठवड्याभरात तयार झाली असती अशी. भाईने ती गोणपाटात गोळा केली, लोणच्याला होतील म्हणाला. शब्दांविषयी काहीच बोलला नाही. कोकणात फिरायला येणाऱ्यांना मला एकच सांगायचंय: गडगा म्हणजे कुणाच्या तरी घराची भिंत आहे. ती ओलांडून आमच्याच माणसाला बाहेरचा म्हणू नका.

परत येऊन तो शांतपणे एका कलमाखाली उभा राहिला आणि त्याने मला वर एक फळ दाखवलं. हंगाम संपताना हिशेबाबरोबर त्याला घरी न्यायला आंबे मिळतात. गेल्या वर्षी सगळे वाटेत गेले. मुंबई, लखनौ, रुपैडिहाची सीमा, नेपाळगंज, सुर्खेत आणि मग डोंगराचा रस्ता. पाच दिवस, दरड कोसळली तर सात. मुलगी अकरा वर्षांची झाली आणि तिने हापूस अजून चाखलेला नाही. बाप चौदा वर्षं त्याच फळाची राखण करतोय.

म्हणून यंदा तो महिनाभर आधीपासून बारा फळं हेरून ठेवत होता. बागायतदार सोळातले चौदा आणे तयार झालेला आंबा काढतात. खांदे देठाच्या वर येतात, देठापाशी खळगा पडतो, हिरवा रंग जरा निवतो, बादलीत टाकला तर बुडतो. मी म्हटलं, तू जरा आधीच काढ, बारा आण्यांचा, म्हणजे टिकेल. त्याने मान हलवली. बारा आण्यांचा आंबा पिकत नाही, सुरकुततो, आंबटच राहतो. “पोरीन पयलो आंबो खावचो तो आंबट?” त्याने उत्तरेकडच्या, खाडीवरचा वारा लागणाऱ्या फांद्यांवरची, उशिराच्या मोहोराची फळं निवडली होती. ती निघायच्या दिवशी पहाटे काढायची, प्रत्येक वेगळा पेंढ्यात गुंडाळायचा, बांबूच्या करंडीत एकच थर. गाडीत करंडी मांडीवर. सगळं ठरलेलं.

निघताना मावशीने आम्हाला पाच डझनाची पेटी दिली. डोंबिवलीला पोचून चौथ्या दिवशी घरभर वास सुटला. आईने पहिला आंबा देवापुढे ठेवला. मला त्या वेळी रुपैडिहाच्या बसस्टँडची आठवण येत होती, जिथे मी कधी गेलेले नाही.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मावशीचा फोन आला. भाई पोचला, सहाव्या दिवशी. तीन आंबे सुर्खेतच्या पुढे उकाड्याने गळाले, नऊ पोचले. मुलीला कापून द्यायला त्याने सुरी शोधेपर्यंत तिने एक उचलून थेट चावला होता, सफरचंदासारखा, सालीसकट.