सरकार बदलतं, रकाने राहतात

शनिवार, रात्री उशिरा

आज दिवसभर रुमेनियातले टाइपरायटर डोक्यातून जात नाहीत. १९८३ साली तिथला हुकूमशहा चाउशेस्कूच्या सरकारने फर्मान काढलं की ज्याच्या घरी टाइपरायटर आहे त्याने पोलिसांकडून परवाना घ्यायचा. त्यासाठी सगळी अक्षरं आणि आकडे उमटवलेला एक कागद नमुना म्हणून जमा करायचा, आणि दरवर्षी हेच पुन्हा करायचं. कारण उघड आहे. कुठल्याही दोन यंत्रांची अक्षरं अगदी एकसारखी उमटत नाहीत. कुठे एखाद्या अक्षराचा पाय झिजलेला असतो, कुठे एखादं किंचित वर चढलेलं असतं. उद्या भिंतीवर सरकारविरोधी पत्रक दिसलं की फायलीतल्या नमुन्यांशी ताडून मालकापर्यंत पोचायचं. आणि ज्याच्यापासून राज्याला धोका आहे असं पोलिसांना वाटतं, त्याला मुळात परवानाच द्यायचा नाही.

ज्या माणसाचं काम ही अक्षरांची पानं सांभाळण्याचं असेल, त्याचं मला राहून राहून कुतूहल वाटतं. कपाटंच्या कपाटं भरून नुसत्या बाराखड्या! हाताशी सैन्य, गुप्त पोलीस, तुरुंग, सगळं असलेली सत्ता, आणि घाबरली कशाला, तर एकट्या माणसाने टेबलावर बसून खटखट करायच्या यंत्राला.

याच सत्तेच्या जातकुळीला रेडिओ मात्र फार आवडतो. १९३३ मध्ये जर्मनीत नाझी सरकारने ‘फोल्क्सएम्फेंगर’ म्हणजे जनतेचा रेडिओ बाजारात आणला. किंमत मुद्दाम कमी, ७६ मार्क. मॉडेलच्या नावात ३०१ हा आकडा, हिटलर सत्तेवर आला त्या ३० जानेवारीची आठवण म्हणून. पाच वर्षांत त्याहून स्वस्त, ३५ मार्कांचा संच आला. ऐकणं शक्य तितकं स्वस्त करून ठेवलं, बोलणं सरकारच्या हातात राहिलं. युद्ध सुरू झालं तेव्हा परदेशी केंद्र ऐकणं गुन्हा ठरला आणि रेडिओच्या बटणाला तशी ताकीद छापलेलं छोटं कार्ड अडकवलं गेलं. तरी लोक आवाज बारीक करून बीबीसी ऐकतच होते. बटण फिरवणारा हात शेवटी श्रोत्याचा होता.

एवढ्यावरून एक सोपा नियम करायचा मोह होतो. माणसाला बोलू देणारं यंत्र सत्तेला नको असतं, त्याला ऐकवणारं किंवा मोजणारं हवं असतं. आणि हे सगळं हुकूमशहांच्या देशात होतं, आपण बरे. पण मग अ‍ॅमस्टरडॅमचं काय करायचं?

नेदरलँड्समधली लोकसंख्येची नोंदवही कुणा जुलमी माणसाने केलेली नव्हती. १९३६ मध्ये लोकशाही सरकारच्या काळात ती माणशी एक कार्ड अशा पद्धतीने नव्याने बसवली गेली, आणि त्यामागे याकोबुस लेन्ट्स नावाचा अतिशय चोख अधिकारी होता. नाव, जन्म, पत्ता, व्यवसाय, कुटुंब. धर्माचाही रकाना होता. हेतू शुद्ध प्रशासकीय. त्याच लेन्ट्सला सगळ्यांना ओळखपत्रं द्यायची होती, पण प्रत्येक नागरिकाकडे गुन्हेगार म्हणून बघण्यासारखं ते होईल म्हणून सरकारने ती योजना नाकारली. हे १९४० च्या सुरुवातीचं. मे महिन्यात जर्मन आले आणि त्यांना ती योजना एकदम पसंत पडली. अधिकारी तोच, कार्डं तीच, खणही तेच. फक्त वर बसणारा बदलला, आणि त्याच रकान्यांवरून आता ज्यू शोधले जाऊ लागले.

२७ मार्च १९४३ च्या रात्री जर्मनांना विरोध करणारी, पोलिसांच्या वेशातली काही माणसं अ‍ॅमस्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरली. त्यांच्यात चित्रकार आणि लेखक असलेला विलेम आरोंडेउस होता. पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन झोपवलं, बाहेर आवारात नेऊन ठेवलं. खण ओढून कार्डं जमिनीवर ओतली आणि स्फोटकं लावली. खच्चून भरलेली कार्डं सहजासहजी जळत नाहीत, हे त्यांना माहीत असणार. नंतर आलेल्या अग्निशमन दलातल्या लोकांनी मुद्दाम उशीर केला आणि गरजेपेक्षा जास्त पाणी मारलं, म्हणजे जे जळलं नाही ते निदान भिजेल. हा भाग वाचताना मी थांबलो. आग विझवणाऱ्याने पाण्याने केलेली ही मदत!

आणि एवढं करून हाती काय लागलं? सुमारे १५ टक्के कार्डं नष्ट झाली. कटातल्या बाराजणांना जुलैत गोळ्या घातल्या गेल्या. ओळखपत्रांच्या नोंदींचा दुसरा संच हेगमध्ये होताच. तो जाळायला ११ एप्रिल १९४४ रोजी ब्रिटिश विमानांना त्या इमारतीवर बाँब टाकावे लागले, त्यात आतले कर्मचारीही मेले. एक यादी पुसायला हवाई दल! देशातल्या सुमारे १ लाख ४० हजार ज्यूंपैकी तीन चतुर्थांश माणसं मारली गेली, पश्चिम युरोपातलं सर्वांत वाईट प्रमाण. त्याची कारणं अनेक आहेत, सगळा दोष कार्डांवर टाकणं भाबडेपणाचं होईल. पण नोंदी इतक्या व्यवस्थित नसत्या तर काम अवघड झालं असतं, हे नक्की.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला तेव्हा हे सगळं त्याच्यावर ओतलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. सध्या चेहरा दाखवून हजेरी लावायच्या यंत्रणेवर काम करतोय. त्याने नेहमीचं उत्तर दिलं, “मामा, ज्याला लपवायचं काही नाही त्याने घाबरायचं कशाला? आणि आमच्याकडे सगळं एन्क्रिप्टेड असतं.”

“अरे, त्या ज्यूंनीही काही लपवलं नव्हतं. धर्माच्या रकान्यात त्यांनी खरं तेच सांगितलं होतं.”

तो गप्प बसला, पण पटलेलं नव्हतं. मग त्याच्याच भाषेतलं उदाहरण दिलं. ग्रीसमध्ये २००४ च्या ऑलिंपिकच्या सुमारास पंतप्रधान कारामानलिस, मंत्री आणि इतर मिळून शंभराहून जास्त लोकांचे फोन चोरून ऐकले जात होते. ऐकणाऱ्यांनी त्यासाठी अख्खी नवी यंत्रणा उभारली नव्हती. कायद्याने परवानगी असेल तेव्हा पोलिसांना फोन ऐकता यावेत म्हणून टेलिफोन एक्स्चेंजच्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय असते, तीच त्यांनी चोरून घातलेल्या सॉफ्टवेअरने गुपचूप जागी केली. मोबाइल कंपनीने ती वापरायचं पॅकेज विकतही घेतलेलं नव्हतं, एका अपडेटबरोबर ती आत येऊन पडली होती. म्हणजे सरकारांच्या सोयीसाठी ठेवलेल्या दारातून कुणीतरी सरकारच्याच घरात शिरलं. भाचा म्हणाला, “हे मात्र भारी आहे.” इंजिनिअरला ज्यूंच्या यादीपेक्षा एक्स्चेंजचं सॉफ्टवेअर लवकर कळतं. त्याला दोष देत नाही, मलाही माझ्या कामाच्या भाषेतलंच लवकर कळतं.

फोन ठेवल्यावर याची उलट बाजू सुचली. सत्ता यंत्राला वळण देते तसं यंत्रही सत्तेला वळण लावतंच. १८९० च्या अमेरिकी जनगणनेत हॉलरिथ नावाच्या संशोधकाची, यंत्राने मोजायची भोकं पाडलेली कार्डं आली. भोक आहे किंवा नाही, मधलं काही नाही. मोजणं स्वस्त झालं की सरकारांचे प्रश्न वाढतात, आणि हळूहळू जे रकान्यात बसतं तेवढंच कार्यालयाला दिसू लागतं. आजच्या कुठल्याही ऑनलाइन अर्जात काही रकान्यांपुढे लाल तारा असतो. तो भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. हा तारा बहुतेक वेळा कुठल्याही संसदेने ठरवलेला नसतो. कुणीतरी, कुठेतरी, घाईच्या दिवशी, ‘असू दे अनिवार्य’ म्हणून खूण केलेली असते. पण ज्याच्याकडे ती माहिती नाही त्याच्या दृष्टीने तोच कायदा. अशी सत्ता निवडणुकीत हरतही नाही, कारण ती उभीच राहत नाही.

इंटरनेटचंही तेच. सगळीकडे पसरलेलं, कुणालाच न आवरणारं जाळं असं आपण त्याला समजतो, पण २०११ च्या जानेवारीत इजिप्तमध्ये ते जवळजवळ एका रात्रीत बंद झालं. मोजक्या कंपन्यांना आदेश गेले, एवढंच. जाळं कितीही मोठं असो, देशात शिरायच्या वाटा किती आहेत आणि त्या कुणाच्या हातात आहेत, हेच बघायला हवं.

मग सत्तेने स्वतःचेच डोळे बांधून घेतले असं एखादं तंत्र आहे का? आहे, आणि ते इतकं साधं आहे की त्याला कुणी तंत्रज्ञान म्हणत नाही. गुप्त मतदान. आधी मत उघडपणे सांगायचं असे, आणि मालक किंवा जमीनदार समोर उभा असे. १८५६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया आणि साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतींनी सरकारने छापलेल्या, सगळ्यांना सारख्याच मतपत्रिका आणि आडोसा ही पद्धत आणली. इंग्लंडला १८७२ उजाडावं लागलं. कोण आलं हे नोंदवायचं आणि त्याने काय केलं हे मुद्दाम कळू द्यायचं नाही, अशी ही रचना. कागद, पेन्सिल आणि लाकडी फळ्या. (अर्थात ब्रिटिश मतपत्रिकेवर आजही क्रमांक असतो आणि तो कुणाला दिला याची यादी ठेवतात, सीलबंद. न बघण्याचं वचन देऊनही सत्तेला एक फट ठेवावीशी वाटतेच.)

हे आठवलं तेव्हा राहवलं नाही, भाच्याला पुन्हा फोन लावला. विचारलं, तुमच्या यंत्रणेत नोकरी सोडून गेलेल्यांचे चेहरे कधी पुसले जातात? जरा वेळाने म्हणाला, “पुसत नाही, मामा. तसा पर्याय कुणी मागितलाच नाही.” आणि कंपनी विकली गेली तर? “मग डेटा नव्या मालकाकडे जातो. ते करारातच असतं.”

सोमवारच्या मीटिंगमध्ये विषय काढतो म्हणाला. मी त्याला सांगितलं, लेन्ट्स आणि अ‍ॅमस्टरडॅम तिथे अजिबात काढू नकोस. सर्व्हरचा खर्च वाचेल म्हण, लगेच मंजूर करतील.